फलाट, डबा आणि अपंग प्रवासी : रेल्वे प्रवासाच्या सुगम्यतेचा आढावा

शारीरिक, दृष्टिविषयक, श्रवणविषयक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला तिकीट काढण्यापासून मुक्कामाच्या स्थानकाबाहेर पडेपर्यंतचा प्रवास इतर प्रवाशांइतक्याच स्वतंत्रपणे आणि सुरक्षितपणे करता येणे, याला रेल्वेची सुगम्यता असे म्हणतात. तिकीट मिळवणे, स्थानकात शिरणे, योग्य फलाट गाठणे, डबा ओळखणे, त्यात चढणे, आत हालचाल करणे, स्वच्छतागृह वापरणे आणि वेळेवर उतरणे असे या प्रवासाचे टप्पे असून त्यांपैकी एकही अडला, तर उरलेले सर्व सुकर असूनही त्यांचा काही उपयोग राहत नाही. भारतीय रेल्वेत हा अडलेला टप्पा बहुतेक वेळा एकच असतो आणि तो म्हणजे फलाटावरून डब्यात चढण्याचा. गेल्या तीन दशकांतील कायदे, सवलती, न्यायनिर्णय आणि बांधकामे एकत्र मांडून पाहिली, तर या टप्प्याच्या अलीकडे आणि पलीकडे बरेच काही घडले असले तरी तो स्वतः जवळजवळ जागच्या जागी राहिला आहे, असे दिसते.

प्रश्नाची व्याप्ती सांगताना सामान्यतः २०११ च्या जनगणनेचा आधार घेतला जातो. तिच्यानुसार देशात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती अपंग होत्या आणि त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात राहत होत्या. त्या जनगणनेत अपंगत्वाचे मोजकेच प्रकार विचारले गेले होते. पुढे कायद्याने मान्य केलेले अनेक प्रकार तिच्यात नव्हते. गुडघेदुखीने जिना टाळणारी वृद्ध माणसे, गर्भवती स्त्रिया आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिने कुबड्या वापरणारे रुग्ण तर अशा कोणत्याही गणनेत येत नाहीत, पण उंच पायऱ्यांपुढे त्यांचीही गत तीच होते.

या प्रवाशांकडे पाहण्याची रेल्वेची जुनी रीत सवलतीची आहे. साहाय्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्ती, बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती, पूर्णतः दृष्टिहीन व्यक्ती आणि ऐकणे व बोलणे या दोन्ही क्षमता नसलेल्या व्यक्ती अशा चार गटांना भाड्यात सूट मिळते. पहिल्या तीन गटांसाठी ती द्वितीय श्रेणी, शयनयान आणि तृतीय वातानुकूलित श्रेणीत ७५ टक्के, तर वरच्या दोन वातानुकूलित श्रेणींत ५० टक्के असून सोबत्यालाही तेवढीच मिळते. राजधानी व शताब्दी गाड्यांत ती बरीच कमी होते. मार्च २०२० मध्ये बहुतेक सवलती बंद करताना रेल्वेने विद्यार्थी व काही आजारांच्या रुग्णांबरोबर या चार गटांची सवलत कायम ठेवली आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बळ प्रवाशांसाठी तिचे मोल निःसंशय मोठे आहे. तथापि तिच्या रचनेत दोन दोष आहेत. एक म्हणजे २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असताना सवलत चारच गटांपाशी थांबलेली आहे. दुसरा दोष अधिक मूलभूत आहे, कारण अस्थिव्यंग व्यक्तीला सवलत मिळवायची असेल तर आपण साहाय्याशिवाय प्रवास करू शकत नाही असे वैद्यकीय प्रमाणपत्र तिला सादर करावे लागते. परावलंबित्व हीच पात्रतेची अट ठरल्यामुळे एकट्याने प्रवास करू पाहणारा व्हीलचेअरवरचा प्रवासी या व्यवस्थेला नीटसा ओळखताच येत नाही, आणि सोबती गृहीत धरला की चढण्या-उतरण्याची सोय करण्याची निकड रेल्वेलाही भासत नाही.

सवलतीकडून हक्काकडे जाण्याचा पहिला वैधानिक प्रयत्न १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने केला. त्याच्या कलम ४४ मध्ये रेल्वेचे डबे, त्यांतील स्वच्छतागृहे आणि प्रतीक्षालये अपंग व्यक्तींना वापरता येतील अशी करावीत, असे स्पष्ट म्हटले होते. मात्र हे सर्व ‘आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत’ करायचे असल्याने ती मर्यादा कोठे संपते हे ठरवण्याचा अधिकार प्रत्यक्षात अंमलबजावणी करणाऱ्याकडेच राहिला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास अनुसमर्थन दिले. या कराराचा नववा अनुच्छेद सुगम्यतेसंबंधी असून वाहतूक, माहिती आणि संदेशवहन यांचा तो एकत्र विचार करतो. त्याला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी त्याने नियम अधिसूचित झाल्यापासून ५ वर्षांची मुदत घातली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. ती संपल्याने रेल्वेच्या दैनंदिन कारभारात फारसा फरक पडला नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

मुदत पाळली न जाण्याचे एक कारण नियमांच्या घडणीतच होते. दृष्टिबाधित असलेल्या राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सविस्तर निर्देश दिले होते आणि त्यांत रेल्वे स्थानकांचाही समावेश होता. त्याच प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील नियम १५ चा पहिला पोटनियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला. अधिनियमाला बंधनकारक मानके अभिप्रेत असताना नियमाने निरनिराळ्या मंत्रालयांच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले आणि ही तत्त्वे बव्हंशी शिफारसवजा होती, असा या निर्णयाचा आशय आहे. किमान, तडजोड न करता येण्याजोगी मानके वेगळी काढून ती ३ महिन्यांत ठरवावीत असेही न्यायालयाने सांगितले. रेल्वेसाठी या भेदाचा अर्थ व्यावहारिक आहे. उतारवाट ‘असावी’ असे लिहिलेले असेल तर निधी संपताच ती यादीतून गळते, आणि ‘असलीच पाहिजे’ असे लिहिलेले असेल तर तिच्यावाचून काम पूर्ण झाल्याचा दाखलाच देता येत नाही.

आता मुख्य अडचणीकडे वळता येईल. भारतीय रेल्वेचे फलाट सर्वसाधारणपणे तीन प्रकारचे असतात : रुळांच्या पातळीवरचे, सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीचे आणि ७६ ते ८४ सेंटिमीटर उंचीचे. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या डब्याची जमीन मात्र रुळापासून सव्वा मीटरहून थोडी अधिक, एलएचबी या नव्या प्रकारच्या डब्यांत सुमारे १२८ सेंटिमीटर उंचीवर असते. याचा अर्थ सर्वांत उंच फलाटावरही प्रवाशाला सुमारे ४४ सेंटिमीटर वर चढावे लागते, कमी उंचीच्या फलाटावर हा फरक ८० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि लहान स्थानकांवर, जिथे फलाट म्हणजे खडीशेजारची मुरूम टाकलेली पट्टी असते, तिथे धडधाकट माणसालाही दांडा धरून अंग वर ओढून घ्यावे लागते. व्हीलचेअरसाठी सुरक्षित मानला जाणारा उतार बारास एक इतका असतो, म्हणजे एक सेंटिमीटर उंची चढण्यासाठी बारा सेंटिमीटर लांबी लागते. या हिशेबाने ४४ सेंटिमीटरसाठी सव्वापाच मीटरहून लांब उतारफळी लागेल. ती फलाटावर आडवी टाकली तर उतारूंची वाट अडते आणि आखूड केली तर चढ इतका उभा होतो की मागून दोन माणसांनी ढकलल्याशिवाय खुर्ची वर जात नाही.

फलाट सरसकट उंच का करत नाहीत, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. त्याच रुळांवरून मालगाड्या, विविध रुंदीचे डबे आणि कधी नेहमीच्या मापाबाहेरचा माल जातो; त्यांच्यासाठी रुळाच्या दोन्ही अंगांना ठरावीक मोकळी जागा राखावी लागते आणि वळणावरच्या स्थानकांत डबे झुकत असल्याने ती आणखी वाढते. डब्याची जमीन खाली आणायची तर चाके, बोगी आणि जोडण्या यांची सारी रचना बदलावी लागते. शिवाय फलाट हा स्थापत्य विभागाचा आणि डबा यांत्रिक विभागाचा विषय असल्यामुळे दोहोंमधील अंतर कोणत्याच विभागाच्या वार्षिक उद्दिष्टात ठळकपणे येत नाही. उद्वाहने किती बसवली, सरकते जिने किती, व्हीलचेअर किती घेतल्या, हे मोजता येते आणि संसदेतील उत्तरात सांगताही येते. डब्याच्या दारापर्यंत पोहोचलेल्या किती प्रवाशांना स्वतःहून आत जाता आले, याची आकडेवारी ठेवण्याची रीत नाही.

या अडचणीवर रेल्वेने काढलेला तोडगा म्हणजे एसएलआरडी डबा. द्वितीय श्रेणी, सामान, गार्ड आणि अपंग प्रवासी अशा चौघांना सामावणाऱ्या या डब्यात एका कप्प्याला रुंद दार, मोकळी जागा आणि मोठे स्वच्छतागृह असते. कल्पना योग्य असली तरी जागा अडचणीची आहे, कारण हा डबा गाडीच्या अगदी टोकाला असतो. २४ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते आणि टोकाचा डबा अनेक स्थानकांत छप्पर संपल्यावर, कधी तर फलाटही संपल्यावर थांबतो. दोन मिनिटांच्या थांब्यात कुबड्या घेऊन तिथवर जायचे, कप्प्याला कुलूप असल्यास गार्डला गाठायचे किंवा आधीच शिरून बसलेल्या इतर प्रवाशांना उठवायचे, एवढे सोपस्कार त्यात येतात. वातानुकूलित श्रेणीचे भाडे देऊ शकणाऱ्या अपंग प्रवाशाला तर वर्षानुवर्षे हा कप्पा निरुपयोगीच होता, कारण राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांत टोकाला जनित्राचे डबे असत आणि अशी जागाच नसे. गरीब रथ गाड्यांत सुगम्य कप्पा आला आणि २०१९ पासून धावू लागलेल्या वंदे भारत गाड्यांत टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरसाठी जागा, सुगम्य स्वच्छतागृह व आसनांवर ब्रेल क्रमांक आले. नेहमीच्या शयनयान डब्यातील बोळ मात्र साध्या व्हीलचेअरपेक्षा अरुंदच आहे, म्हणून प्रवाशाला दारातच खुर्ची सोडावी लागते आणि पुढचा प्रवास दुसऱ्यांच्या हातांवर होतो.

दुसऱ्यांच्या हातांवर होणारा हा प्रवास काय असतो, ते २०१७ मधील दोन घटनांमुळे सार्वजनिक चर्चेत आले. मुंबईत राहणाऱ्या आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांनी, डब्यात उचलून चढवताना हमालांकडून झालेल्या विनयभंगाचा जाहीर उच्चार करून सुगम्य रेल्वेसाठी ऑनलाइन मोहीम उभी केली. या मोहिमेनंतर एर्नाकुलमसारख्या काही स्थानकांत हलवता येणाऱ्या उतारफळ्या आणि डब्याच्या बोळातून जाऊ शकणाऱ्या अरुंद खुर्च्या ठेवण्यात आल्या. त्याच वर्षी जून महिन्यात नागपूरहून दिल्लीकडे निघालेल्या आंतरराष्ट्रीय अपंग क्रीडापटू सुवर्णा राज यांना गरीब रथमध्ये वरचा बर्थ मिळाला, विनंती करूनही बदलून मिळाला नाही आणि त्यांना डब्याच्या जमिनीवर झोपावे लागले. तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी चौकशीचे आदेश दिले. आता शयनयान आणि तृतीय वातानुकूलित श्रेणीत प्रत्येकी ४ बर्थ अपंग प्रवासी व सोबती यांच्यासाठी राखीव असतात आणि त्यांपैकी २ खालचे असतात. एका गाडीत त्याहून अधिक अपंग प्रवासी असले, तर उरलेल्यांची भिस्त पुन्हा टीसीच्या आणि सहप्रवाशांच्या सौजन्यावरच राहते.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तिथे अंतर कमी, गर्दी प्रचंड आणि थांबा सुमारे अर्ध्या मिनिटाचा असतो. प्रत्येक लोकलमध्ये दिव्यांग प्रवाशांसाठी स्वतंत्र डबा, खरे तर डब्याचा एक भाग राखलेला असून फलाटावर तो जिथे येतो तिथे खूण असते आणि दृष्टिहीनांना जागा ओळखता यावी म्हणून अनेक ठिकाणी ध्वनिसंकेत बसवलेले आहेत. कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांनाही या डब्यात प्रवेश आहे, आणि परळच्या टाटा रुग्णालयाकडे रोज येणाऱ्यांची संख्या पाहता ही तरतूद समंजस म्हटली पाहिजे. मूळ दुखणे घुसखोरीचे आहे. सकाळच्या गर्दीत डोंबिवली किंवा विरारच्या गाडीत हा डबा सुदृढ प्रवाशांनी भरून जातो आणि काठी टेकत येणाऱ्या माणसाला आपल्याच डब्याच्या दारात कार्ड दाखवावे लागते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५५ नुसार अशा घुसखोराला डब्याबाहेर काढता येते आणि ५०० रुपयांपर्यंत दंड करता येतो. ही रक्कम अधिनियमाच्या वेळची आहे. आजच्या मुंबईत तिचा धाक किती वाटावा, हे सांगायला नको.

फलाटाच्या उंचीचा प्रश्न मुंबईत सुटू लागला तो मात्र अपंग प्रवाशांमुळे नव्हे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात फलाट व लोकल यांच्यातील पोकळीत पडून एका महाविद्यालयीन मुलीचे दोन्ही हात गेले, त्यावरून मोठा गहजब झाला, मुंबई उच्च न्यायालयाने विषय हाती घेतला आणि उपनगरी फलाट सुमारे ९० ते ९२ सेंटिमीटरपर्यंत उंच करण्याचे काम वेगाने झाले. तरीही लोकलच्या डब्याची जमीन फलाटाच्या वरच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड येथे पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे दगावल्यानंतर पूल, सरकते जिने आणि लिफ्ट यांना जो निधी मिळाला, त्याचीही कथा हीच आहे. सुगम्यता या ठिकाणी सुरक्षिततेच्या मागून आली, आणि १९९५ पासून कायद्यात असलेल्या कलमाने जे झाले नाही ते दोन अपघातांनी झाले. मुंबईची लोकल दरवर्षी स्वतःच किती तरी नवे अपंग निर्माण करते, ही या संदर्भातील विपरीत बाब आहे.

डबा आणि फलाट एका पातळीवर आणणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, हे भारतातच सिद्ध झालेले आहे. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली मेट्रोच्या आखणीत अपंगांच्या संघटनांचा सल्ला घेतला गेला आणि लिफ्ट, स्पर्शफरशी, रुंद प्रवेशफाटक व समपातळी प्रवेश यांचा समावेश पहिल्यापासून झाला. जून २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आणि मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली पुणे मेट्रो त्याच वाटेने गेल्या. अर्थात मेट्रोला एकच मापाचे डबे, स्वतंत्र मार्ग आणि कोरी पाटी मिळाली होती, हे विसरता येत नाही. घाटकोपरला मेट्रोतून लोकलकडे जाताना दोन्ही व्यवस्थांमधील तफावत काही मीटरांत कळते : एका बाजूला व्हीलचेअरचे पुढचे चाक न अडखळता डब्यात जाते आणि दुसऱ्या बाजूला त्याच खुर्चीला चार हात लागतात.

दृष्टिबाधितांच्या सोयींची प्रगती त्यामानाने बरी आहे, कारण त्या तुलनेने स्वस्त आहेत. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केलेली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवलेली स्पर्शफरशी आज मुंबई-पुण्याच्या फलाटांवरही दिसते. तिच्यावरील लांबट पट्टे चालण्याची दिशा दाखवतात आणि गोल ठिपके धोक्याची किंवा वळणाची सूचना देतात. तिचा अर्थ बसवणाऱ्याला ठाऊक नसला की काय होते, तेही अनेक फलाटांवर पाहायला मिळते : पिवळी पट्टी सरळ जाऊन चहाच्या स्टॉलवर किंवा खांबावर थांबते, किंवा दुरुस्तीनंतर मधल्या चार फरश्या साध्या बसवलेल्या असतात. पांढऱ्या काठीने चालणाऱ्यासाठी अशी पट्टी नसलेल्या पट्टीपेक्षाही वाईट. श्रवणबाधितांचा विचार याहून कमी झालेला आहे. इंडिकेटरवर गाडीची वेळ दिसते, पण फलाट ऐनवेळी बदलल्याची घोषणा बहुधा भोंग्यावरूनच होते आणि गर्दी का धावू लागली हे त्यांना तिच्या मागे धावूनच समजते. स्वमग्न किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रवाशांसाठी तर सवलतीपलीकडे विचार पोहोचलेलाच नाही.

परदेशांचा दाखला देताना तिथे सर्व आलबेल आहे असे समजणे चुकीचे ठरेल. स्वित्झर्लंडने २००४ पासून लागू झालेल्या कायद्याने सार्वजनिक वाहतूक सुगम्य करण्यास २०२३ अखेरपर्यंत, म्हणजे २० वर्षे दिली. फलाट ५५ सेंटिमीटर उंचीचे आणि त्यांना जुळणारे खालच्या जमिनीचे डबे असा मेळही घातला, तरी ठरल्या वेळेत अनेक स्थानके पुरी झाली नाहीत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने २०२२ मधील तडजोडीत ९५ टक्के स्थानके सुगम्य करण्यासाठी २०५५ पर्यंतची मुदत स्वीकारली. ब्रिटनमध्ये डब्यांसाठीची मानके १ जानेवारी २०२० पासून सर्वत्र लागू झाली, परंतु उतारफळी टाकायला माणूस न आल्याने ऑगस्ट २०२४ मध्ये संसद सदस्य आणि पॅरालिंपिकपटू टॅनी ग्रे-थॉम्पसन यांना लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात गाडीतून सरपटत उतरावे लागले. जपानमध्ये २००० च्या कायद्यानंतर मोठ्या स्थानकांपासून क्रमाने काम झाले. तिथे फळी टाकणारा कर्मचारी पुढच्या स्थानकाला कळवतो आणि उतरण्याच्या दारापाशी दुसरा कर्मचारी फळी घेऊन उभा असतो. त्यात कोणतेही अवघड तंत्र नाही. भारतीय रेल्वेत १३९ या हेल्पलाइनवर किंवा आरक्षण करताना मागितलेली व्हीलचेअर निघण्याच्या स्थानकात अनेकदा मिळतेही, उतरण्याच्या स्थानकात ती येईलच याची हमी देणारी साखळी मात्र उभी झालेली नाही.

मोठ्या शहरांबाहेर चित्र अधिकच विरळ होते. रेल्वेच्या सुविधा स्थानकाच्या वर्गवारीनुसार मिळतात आणि ही वर्गवारी प्रवासी संख्या व उत्पन्न यांवर ठरते, म्हणून लिफ्ट व सरकते जिने आधी गजबजलेल्या स्थानकांना मिळतात. २०२३ मध्ये हाती घेतलेल्या अमृत भारत स्थानक योजनेत १,३०० हून अधिक स्थानके आहेत, पण देशातील स्थानकांची संख्या ७,००० च्या पुढे आहे. मराठवाडा, विदर्भ किंवा कोकणातील तालुक्याच्या स्थानकावर दुसऱ्या फलाटाला जायला पादचारी पूल असतो आणि व्हीलचेअर घेऊन आलेल्याला सामानाच्या हातगाड्यांसाठी केलेल्या, फलाटाच्या टोकाकडच्या वाटेने, कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली रूळ ओलांडावे लागतात. गर्दीच्या निकषाचे तर्कशास्त्र इथे उलटे फिरते, कारण जिथे चढताच येत नाही तिथे अपंग प्रवाशांची संख्या कमीच भरणार, आणि ती कमी भरली म्हणून सोय लांबणार.

यापुढील निर्णयांत डब्यांच्या खरेदीला विशेष महत्त्व आहे. जुन्या आयसीएफ डब्यांची जागा आता एलएचबी डबे आणि वंदे भारतसारखे गाडीसंच घेत आहेत. जून २०२५ मधील मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडून झालेल्या दुर्घटनेनंतर मुंबईच्या नव्या लोकलना स्वयंचलित दारे बसवण्याचेही ठरले आहे. एकदा कारखान्यातून बाहेर पडलेला डबा सुमारे ३० ते ३५ वर्षे चालवला जातो, त्यामुळे दाराची रुंदी, बोळाचे माप, स्वच्छतागृहाची रचना आणि दारात बसवता येणारी सरकती पायरी किंवा उचलयंत्र यांविषयी आज ज्या मापांच्या निविदा निघतील, त्याच मापांच्या डब्यांतून २०५५ च्या आसपासचा प्रवासीही चढणार आहे. न्यायालयाने मागितलेल्या बंधनकारक मानकांत डब्याची जमीन आणि फलाट यांच्यातील कमाल फरक सेंटिमीटरमध्ये लिहिला गेला, तर तो स्थापत्य आणि यांत्रिक या दोन्ही विभागांच्या आराखड्यांत एकाच वेळी येईल. तसा तो लिहिला गेला नाही, तर उतारफळ्यांची आणि हमालांची गरज या नव्या डब्यांच्या आयुष्याइतकीच टिकेल.